सिस्ट की गाठ? बालकांच्या फुप्फुसातल्या पोकळ्यांचा वैद्यकीय इतिहास

फुप्फुसातली जन्मजात सिस्ट म्हणजे हवेने किंवा द्रवाने भरलेली, पातळ भिंतीची पोकळी. गर्भाच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास अन्ननलिकेच्या आद्यरूपातून एक बारीक कोंब फुटतो. त्याला फाटे फुटतात, फाट्यांना उपफाटे फुटतात आणि जन्मापर्यंत श्वासनलिकांचे झाड उभे राहते. वायुकोशांची भर तर जन्मानंतरही काही वर्षे पडत राहते. या फुटव्यात एखाद्या फांदीची वाट बंद झाली, किंवा एखादा तुकडा मूळ झाडापासून तुटून वेगळाच वाढला, की तिथे पोकळी उरते. अशा बहुतेक पोकळ्यांचा कॅन्सरशी काहीही संबंध नसतो. अगदी मोजक्या मुलांत मात्र तशीच दिसणारी पोकळी हीच एका गाठीची पहिली अवस्था असते. त्या गाठीचे नाव प्ल्युरोपल्मनरी ब्लास्टोमा. एक्स-रेवर दोन्ही सारख्याच दिसतात. त्या वेगळ्या आहेत हे कळायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध जवळजवळ सगळा गेला.

सुरुवातीच्या काळात सिस्ट दिसायची ती शवविच्छेदनाच्या टेबलावर. श्वास लागून दगावलेल्या अर्भकाची छाती उघडल्यावर फुप्फुसाच्या जागी बुडबुड्यांचा पुंजका सापडे, आणि नोंदवहीत एक नवल म्हणून त्याची नोंद होई. १८६१ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल रोकिटान्स्की यांनी मूळ फुप्फुसापासून अलग पडलेल्या जादा खंडाचे वर्णन केले. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला, तेव्हा कुठे जिवंत मुलाच्या छातीतली पोकळी दिसू लागली. १९२५ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या कून्ट्झ यांनी तोवरच्या वाङ्मयातली प्रकरणे शोधून एकत्र केली, ती शंभराच्या थोडी वर भरली. जगभरच्या नोंदी मिळून एवढीच संख्या. आजार दुर्मीळ होता हे खरे, पण ओळखला न जाणे हेही त्याचे तितकेच मोठे कारण होते.

न ओळखण्याची तऱ्हाही ठरलेली होती. क्षयाचा सुळसुळाट असलेल्या काळात छातीच्या फोटोत पोकळी दिसली की ती क्षयाचीच समजली जाई. भारतात ही सवय फार उशिरापर्यंत टिकली आणि तिला दोष देणेही अवघड आहे, कारण बहुतेक वेळा तो अंदाज बरोबरच येई. सिस्टमध्ये जंतुसंसर्ग होऊन पू झाला की ती फुप्फुसाचे गळू वाटे. ती फुगून शेजारचे फुप्फुस दाबू लागली, की छातीत हवा भरल्याचा समज होई आणि घाईघाईत बरगड्यांमधून सुई किंवा नळी घातली जाई. नळी सिस्टमध्ये शिरे, पोकळी फुटे आणि आधी नसलेली हवा आता खरोखरच छातीत भरे. बालशल्यचिकित्सेच्या पाठ्यपुस्तकांत हा इशारा आजही ठळक अक्षरांत असतो.

उपाय एकच होता, तो भाग कापून काढणे. पण छाती उघडली की फुप्फुस आक्रसते, त्यामुळे नळीतून दाबाने हवा देणारी भूल हाती येईपर्यंत शल्यविशारद या वाटेला जाण्यास कचरत. १९३१ मध्ये बर्लिनला रुडॉल्फ निसन यांनी बारा वर्षांच्या एका मुलीचे अख्खे फुप्फुस काढले. पहिल्या प्रयत्नात तिचे हृदय थांबले, म्हणून शस्त्रक्रिया अर्धवट सोडून पुढे दुसऱ्या टप्प्यात पुरी करावी लागली. फुप्फुसाचे मूळ घट्ट बांधून ठेवले आणि मेलेले फुप्फुस काही दिवसांनी सुटून आले. दोन वर्षांनी अमेरिकेत सेंट लुइसच्या एव्हर्ट्स ग्रॅहम यांनी कॅन्सरच्या रुग्णाचे फुप्फुस एकाच बैठकीत काढले. बालकांपर्यंत हे तंत्र पोहोचवले ते बॉस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांनी. वरिष्ठ सुट्टीवर असताना १९३८ मध्ये त्यांनी एका मुलीच्या हृदयाजवळची जन्मतः उघडी राहिलेली रक्तवाहिनी बांधली होती, आणि बालहृदय-शस्त्रक्रियेचा आरंभ तिथून मानला जातो. १९४६ मध्ये त्यांनी ॲनल्स ऑफ सर्जरीत तीन आठवड्यांच्या बाळाचे सिस्टग्रस्त फुप्फुस यशस्वीपणे काढल्याचे प्रसिद्ध केले. तीन आठवड्यांच्या बाळाची छाती प्रौढाच्या मुठीएवढी असते. तिथे मुळाशी असलेली धमनी, दोन शिरा आणि श्वासनलिका एकेक करून बांधायची म्हणजे काय, हे त्या काळची अवजारे पाहिल्याशिवाय कळणे कठीण.

शस्त्रक्रिया शक्य झाली तशी कापून काढलेली फुप्फुसे पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर येऊ लागली आणि नावे ठेवण्याचे काम सुरू झाले. १९४६ मध्येच लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातले मर्लिन प्राइस यांनी एक चमत्कारिक प्रकार उलगडून दाखवला. फुप्फुसाचा एक तुकडा श्वासनलिकेपासून तुटलेला असतो आणि त्याला रक्त फुप्फुसाच्या धमनीऐवजी थेट महाधमनीतून मिळते. शल्यविशारदाला ही वाहिनी आधी ठाऊक नसेल तर ती कापली जाते आणि बघता बघता छाती रक्ताने भरते. प्राइस यांनी त्या तुकड्याला 'सिक्वेस्ट्रेशन', म्हणजे विलग पडलेला भाग, म्हटले आणि तो शब्द रूढ झाला. हे तेच प्राइस, १९२८ च्या सप्टेंबरात अलेक्झांडर फ्लेमिंग बुरशी आलेली बशी ज्यांना दाखवत होते. पेनिसिलिनच्या कथेत ते एका ओळीपुरते येतात. छातीच्या शस्त्रक्रियेत मात्र त्यांचे नाव स्वतःच्या बळावर टिकले आहे.

१९४९ मध्ये चिन आणि तांग या दोन चिनी पॅथॉलॉजिस्टांनी वेगळाच नमुना मांडला. फुप्फुसाचा एक खंड वाढून मोठा झालेला, त्यात ग्रंथींसारख्या दिसणाऱ्या नळ्यांची गर्दी, आणि बाळाच्या अंगभर पाण्याची सूज. त्यांनी त्याला 'ॲडेनोमॅटॉइड' म्हणजे ग्रंथीगाठीसारखी विकृती म्हटले. यातला 'सारखी' हा प्रत्यय महत्त्वाचा. दिसते गाठीसारखी, पण गाठ नाही, असे त्यांना सांगायचे होते. १९७७ मध्ये वॉशिंग्टनच्या लष्करी पॅथॉलॉजी संस्थेतले थॉमस स्टॉकर आणि सहकाऱ्यांनी अडतीस प्रकरणे तपासून तीन प्रकार पाडले. पहिल्यात दोन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या मोजक्या पोकळ्या, दुसऱ्यात बारीक पोकळ्यांची जाळी आणि सोबत बऱ्याचदा मूत्रपिंडाचे वगैरे दोष, तिसऱ्यात डोळ्याला भरीव दिसणारा गोळा. ही विभागणी इतकी सोपी आणि सुटसुटीत होती की जगभरच्या अहवालांत ती लगेच रुळली. पॅथॉलॉजीत सुटसुटीत वर्गीकरणाला नेहमीच जास्त आयुष्य लाभते. त्याचा तोटा असा, की एकदा खण पाडले की जे हाती येईल ते त्यांपैकी कशात तरी बसवण्याची सवय लागते.

कारण याच काळात दुसरीकडे काही वेगळे दिसत होते. १९५२ मध्ये लंडनच्या बर्नार्ड यांनी 'थोरॅक्स' या नियतकालिकात फुप्फुसाच्या एका गाठीचे वर्णन केले, जिची ऊती गर्भाच्या फुप्फुसासारखी दिसत होती. १९६१ मध्ये हर्बर्ट स्पेन्सर यांनी अशा गाठींना 'पल्मनरी ब्लास्टोमा' नाव दिले आणि मूत्रपिंडाच्या विल्म्स गाठीशी त्यांचे नाते सुचवले. या गाठी प्रौढांतल्या होत्या. लहान मुलांत अधूनमधून सापडणाऱ्या गाठीही त्याच नावाखाली जमा होऊ लागल्या. त्याबरोबर आणखी एक मालिका सुरू झाली. १९६३ पासून निरनिराळ्या देशांतून एकेका रुग्णाची टिपणे येत गेली, की मुलाच्या फुप्फुसात जुनी सिस्ट होती आणि तिच्यात सार्कोमा म्हणजे संयोजी ऊतीचा कॅन्सर निघाला. कुणी त्याला रॅब्डोमायोसार्कोमा म्हटले, कुणी मिक्सोसार्कोमा, कुणी ब्लास्टोमा. निष्कर्ष मात्र सगळ्यांचा एकच होता, की निरुपद्रवी जन्मजात सिस्ट काही वर्षांनी कॅन्सरमध्ये बदलते. एकेकट्या रुग्णावरून लिहिणाऱ्याला दुसरे काही सुचणे कठीणच होते.

ही गुंतवळ सोडवायला पुरेशा काचपट्ट्या एका जागी याव्या लागल्या. १९८८ मध्ये मिनेसोटाचे मॅनिव्हेल, जॉन प्रीस्ट, लुइस डेहनर आणि सहकाऱ्यांनी अकरा मुलांच्या गाठी एकत्र मांडल्या. त्यांनी दाखवले, की प्रौढांच्या ब्लास्टोमात आच्छादक पेशी आणि संयोजी पेशी दोन्ही कॅन्सरच्या असतात. मुलांच्या गाठीत आच्छादक पेशी निरोगी असतात, बिघाड असतो तो फक्त संयोजी पेशींत. म्हणजे हा वेगळाच आजार होता. गाठ फुप्फुसातून किंवा त्याच्या आवरणातून उगवते म्हणून तिला 'प्ल्युरोपल्मनरी' विशेषण लावले गेले. त्याच सुमारास मिनेसोटात या आजाराची आंतरराष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. एखाद्या मोठ्या शहरातल्या कॅन्सर रुग्णालयातसुद्धा हा आजार वर्षानुवर्षे दिसत नाही. त्यामुळे देशोदेशींचे डॉक्टर मेणात गोठवलेले तुकडे आणि काचपट्ट्या टपालाने तिथे पाठवू लागले. दुर्मीळ आजारांत प्रयोगशाळेपेक्षा टपाल खात्याचे ऋण जास्त असते, असे इथे म्हणता येईल.

नोंदी वाढल्या तशी एक उतरंड दिसू लागली. १९९० च्या दशकात डेहनर आणि प्रीस्ट यांनी गाठीचे तीन प्रकार केले. पहिला निव्वळ पोकळीचा, दुसरा पोकळी आणि भरीव भाग मिळून, तिसरा पूर्ण भरीव. या प्रकारांशेजारी मुलांची वये मांडली तेव्हा चित्र स्पष्ट झाले. पुढे २०१५ मध्ये नोंदवहीतली ३५० खात्रीची प्रकरणे प्रसिद्ध झाली, तेव्हा पहिल्या प्रकाराचे मध्यम वय आठ महिने, दुसऱ्याचे पस्तीस महिने आणि तिसऱ्याचे एकेचाळीस महिने निघाले. पाच वर्षांनी जिवंत असलेल्या मुलांचे प्रमाण अनुक्रमे ९१, ७१ आणि ५३ टक्के. हे तीन आजार नव्हते, एकाच आजाराच्या वयानुसार चढणाऱ्या पायऱ्या होत्या. जुन्या टिपणांतला निष्कर्ष उलटा वाचायचा होता. निरुपद्रवी सिस्ट बिघडून गाठ झाली नव्हती. ती सिस्ट जन्मापासूनच गाठ होती, फक्त ती तशी दिसत नव्हती.

ती न दिसण्याचे कारण सूक्ष्मदर्शकाखाली कळते. पहिल्या प्रकारच्या पोकळीच्या भिंतीवर एका थराची, अगदी सामान्य आच्छादक पेशींची झालर असते. तिच्या लगेच खाली, कुठे अखंड पट्टीसारखा, कुठे तुटक, लहान गोल गडद पेशींचा एक थर असतो. त्यांतल्या काही पेशींच्या आत स्नायूंसारख्या आडव्या रेघा दिसतात, क्वचित कूर्चेचा एखादा अपक्व ठिपका आढळतो. काही सिस्टमध्ये हा थर भिंतीच्या एखाद्याच कोपऱ्यात असतो. भिंतीचे दोन-चार तुकडे घेऊन अहवाल लिहिला तर तो कोपरा सहज निसटतो, म्हणून अशी सिस्ट आली की पूर्ण भिंत ठोकळ्यांत बसवून तपासण्याचा दंडक आला. २००८ मध्ये ॲश्ली हिल आणि सहकाऱ्यांनी पहिल्या प्रकारच्या एक्कावन्न प्रकरणांचा अभ्यास मांडला. त्यात आणखी एक गोष्ट ठळक झाली. काही पोकळ्यांत हा थर मुळीच नसतो, पण बाकी सारी रचना तीच असते. गाठ होण्याची क्षमता संपलेली किंवा कधी जागीच न झालेली ही अवस्था 'परागत' प्रकार म्हणून ओळखली जाते.

२००२ मध्ये स्टॉकर यांनी आपल्या वर्गीकरणात शून्य आणि चार असे दोन प्रकार वाढवले आणि एकूण विकृतीचे नावही बदलले, कारण पाचांतले सगळेच प्रकार पोकळ्यांचे नव्हते आणि ग्रंथीसारखा तर एकच होता. यातला चौथा प्रकार, फुप्फुसाच्या कडेला असणाऱ्या पातळ भिंतीच्या मोठ्या पोकळ्या, आणि ब्लास्टोमाचा पहिला प्रकार यांत फरक करणे इतके अवघड आहे, की तो प्रकार स्वतंत्र धरावा का यावर पॅथॉलॉजिस्टांत आजही एकमत नाही. दरम्यान टेक्सासच्या क्लेअर लँगस्टन यांनी मूळ वर्गीकरणाचा पायाच हलवला होता. त्यांच्या मते बहुतेक विकृती म्हणजे गर्भावस्थेत श्वासनलिका कुठे आणि केव्हा बंद पडली याचे निरनिराळे परिणाम होत. वेगळ्या नावांखाली ठेवलेल्या सिस्ट, विलग तुकडे आणि फुगलेले खंड एकाच फुप्फुसात शेजारी सापडतात, याचा उलगडा त्याने होतो.

दुसरा धागा घराण्यांचा होता. प्रीस्ट यांनी १९९६ मध्ये लिहिले, की साधारण चौथाई मुलांत स्वतः मुलाला किंवा जवळच्या नातेवाइकाला दुसरी एखादी विरळी गाठ असते. मूत्रपिंडातली पोकळ्यांची गाठ, अंडाशयातली विशिष्ट गाठ, डोळ्यातली गाठ, आणि सर्वांत जास्त आढळणारी थायरॉइडची गाठाळ वाढ. त्यामुळे बाळाच्या छातीचा फोटो पाहून डॉक्टर आजीच्या गळ्यातल्या गाठीबद्दल विचारू लागले, आणि बुचकळ्यात पडलेल्या घरच्यांना तो प्रश्न का विचारला हे समजावून सांगावे लागे. २००९ मध्ये हिल आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' नियतकालिकात उत्तर दिले. अकरा कुटुंबांत चौदाव्या गुणसूत्रावरच्या डायसर-१ या जनुकाची एक प्रत बिघडलेली होती.

डायसर हे विकर पेशीतल्या लांब आरएनएचे साधारण बावीस घटकांचे एकसारखे तुकडे पाडते. सुरीने भाजीचे चौकोनी तुकडे करावेत तसे, म्हणून २००१ मध्ये अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत त्याला हे नाव मिळाले. हे तुकडे म्हणजे मायक्रो-आरएनए. कोणते जनुक कधी गप्प बसवायचे हे ते ठरवतात. एक प्रत जन्मतः बिघडलेली असते आणि पुढे फुप्फुसातल्या एखाद्या पेशीत दुसऱ्या प्रतीच्या कापणाऱ्या पात्यावरच नेमका बदल होतो. मग तुकडे अर्धवट पडतात आणि गर्भातल्या पेशींना 'आता वाढ थांबवा' हा निरोप पोहोचत नाही. हा बदल घेऊन जन्मलेल्या बहुतेकांना ब्लास्टोमा होतच नाही, हेही पुढच्या अभ्यासांत दिसले. २०१५ च्या नोंदींत तपासलेल्या रुग्णांपैकी सुमारे दोन तृतीयांशांत जन्मजात बदल आढळला.

या सगळ्या वर्षांत सिस्टकडे पाहण्याची खिडकी आणखी एका बाजूने उघडली. १९७५ मध्ये सिडनीच्या गॅरेट यांनी सोनोग्राफीत गर्भाच्या फुप्फुसातला गोळा पाहिला. १९८० च्या दशकात ॲड्झिक आणि हॅरिसन यांच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने मोठ्या पोकळ्यांचे आणि बारीक पोकळ्यांचे गोळे वेगळे काढले, आणि १९९० मध्ये आईचे गर्भाशय उघडून गर्भाच्या फुप्फुसातला गोळा काढल्याचे प्रसिद्ध केले. २००२ मध्ये गोळ्याचे आकारमान आणि गर्भाच्या डोक्याचा घेर यांचे गुणोत्तर आले. ते १.६ च्या वर गेले तर अंगभर सूज येण्याचा धोका मोठा. बारीक पोकळ्यांच्या गोळ्यांत आईला स्टिरॉइडचे इंजेक्शन दिल्याने वाढ रोखता येते असे पुढे दिसले, आणि आता उघड शस्त्रक्रियेची पाळी क्वचितच येते. भारतात विसाव्या आठवड्याच्या आसपासच्या ॲनॉमली स्कॅनमुळे मोठ्या शहरांत हे निदान जन्माआधीच होऊ लागले आहे.

परिणाम असा झाला, की जुन्या पुस्तकांत पंचवीस ते पस्तीस हजार जन्मांत एक असलेली विकृती कितीतरी वारंवार दिसू लागली. गोळे साधारण सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत वाढतात, मग थांबतात आणि कित्येकदा सोनोग्राफीत नाहीसे झाल्यासारखे भासतात. जन्मानंतरच्या सीटी स्कॅनमध्ये मात्र ते जागच्या जागी असतात. असे सुदृढ, हसते बाळ समोर असताना त्याच्या फुप्फुसाचा खंड काढायचा का, हा वाद अजून मिटलेला नाही. काढा म्हणणारे जंतुसंसर्ग, छातीत हवा भरणे आणि कॅन्सरचा धोका सांगतात, आणि लहान वयात काढले तर उरलेले फुप्फुस वाढून जागा भरते असेही सांगतात. थांबा म्हणणारे २००९ मधला एक आढावा दाखवतात. त्यात सुरुवातीला शस्त्रक्रिया न केलेल्या मुलांपैकी पुढे त्रास झालेल्यांचे प्रमाण सुमारे तीन टक्के होते. या आढाव्यातली मुले फार वर्षे पाहिली गेली नव्हती, त्यामुळे तो आकडा वाद संपवू शकत नाही. २००० नंतर अमेरिकेत रोथेनबर्ग आदींनी दुर्बिणीतून खंड काढण्याचे तंत्र बसवले. त्याने जखम लहान झाली, तशी काढा म्हणणाऱ्यांची बाजू थोडी जड झाली.

ब्लास्टोमाचा संशय आला तर मात्र वाद उरत नाही. पोकळ्या दोन्ही फुप्फुसांत किंवा अनेक खंडांत असणे, अनेक पडद्यांची गुंतागुंतीची पोकळी, छातीत आपोआप हवा भरणे, गर्भावस्थेतल्या सोनोग्राफीत काहीच न दिसणे आणि घराण्यात वर सांगितलेल्यांपैकी एखादी गाठ असणे, या खुणा त्या बाजूच्या. उलट महाधमनीतून येणारी वाहिनी दिसली तर ती विकृतीच्या बाजूची. पहिल्या प्रकारात शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार असतो. दुसऱ्या-तिसऱ्यात इफोस्फामाइड, व्हिन्क्रिस्टिन, ॲक्टिनोमायसिन आणि डॉक्सोरुबिसिन ही केमोथेरपी जोडावी लागते. या दोन प्रकारांत गाठ पसरली तर बहुधा मेंदूत पसरते, म्हणून डोक्याचा एमआरआयही ठरावीक अंतराने होतो. मुलांच्या फुप्फुसात इतरही दुर्मीळ गाठी होतात. श्वासनलिकेतला कार्सिनॉइड कित्येक महिने दमा समजून पंपावर ठेवला जातो. पण मुलांच्या फुप्फुसात सापडणारी कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा हाडातून किंवा मूत्रपिंडातून वगैरे पसरून आलेली असते, हे विसरून चालत नाही.

२०१८ मध्ये डायसर-१ चा बदल असलेल्या मुलांसाठी देखरेखीचा आराखडा प्रसिद्ध झाला. तीन ते सहा महिन्यांच्या वयात पहिला सीटी स्कॅन, दुसरा अडीच ते तीन वर्षांच्या दरम्यान, आणि आठव्या वर्षापर्यंत दर चार ते सहा महिन्यांनी छातीचा एक्स-रे. सिस्ट भरीव होण्याआधीच हाती यावी, असा त्यामागचा हेतू आहे. बाळाच्या निमित्ताने घरच्यांच्याही छातीचे फोटो काढले जातात. कधी चाळिशीतल्या बापाच्या फुप्फुसात कडेला एक पातळ भिंतीची पोकळी निघते, जिचा त्याला जन्मात कधी त्रास झालेला नसतो. नोंदवहीत ती परागत प्रकारात जाते.